मणक्याची पुढची बाजू

शाळेच्या महोत्सवासाठी आठवण लिहायची म्हटल्यावर मला जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला सुट्या मणक्यांचा डबाच आठवला. हल्ली बेडूक कापणं बंद झालंय. हाडं मात्र आहेत, आणि मुलांचे हात लागले की ती एकमेकांत मिसळणारच. तेव्हा ती वेगळी कशी करायची, तेवढंच लिहितो.

डबा उलटा केला की सगळे आधी मोजायला बसतात. मोजणी नंतर. आधी प्रत्येक मणक्याची पुढची बाजू ठरवा. मणक्याच्या पाठीकडच्या कमानीवर पुढे दोन आणि मागे दोन छोटे, चपटे सांधे असतात. ज्यांचा गुळगुळीत भाग वर किंवा आत वळलेला, ती पुढची बाजू. खाली किंवा बाहेर वळलेला, ती मागची. बेडकापासून माणसापर्यंत हे चालतं. फक्त मणक्याच्या धडाकडे, म्हणजे कमानीखालच्या भरीव भागाकडे, पाहून मणके तारेत ओवायला गेलात तर बेडूक हमखास फसवतो. त्याचे २ ते ७ क्रमांकाचे मणके पुढून खोलगट आणि मागून गोळ्यासारखे. ८वा मात्र दोन्हीकडून खोलगट. ९व्याला पुढे एक गोळा, मागे दोन. त्या दोनांवर युरोस्टाईलचा, म्हणजे कण्याच्या शेवटच्या लांब हाडाचा, दांडा बसतो. पुढचा गोळा पाहून ९वा उलटा ओवणं ही ठरलेली चूक. बरगड्या शोधू नका, या बेडकाला त्या नसतातच. घशाचा तळ खालीवर करून तो हवा आत ढकलतो.

सशाच्या मणक्यांना बरगडीच खूण देते. बरगडीचं डोकं बहुधा दोन मणक्यांच्या मध्ये बसतं, म्हणून छातीच्या मणक्यावर पुढे अर्धी आणि मागे अर्धी खाच दिसते. बरगडीचा दुसरा उंचवटा आडव्या फाट्याच्या टोकाला टेकतो. आडव्या फाट्याच्या मुळाशी आरपार भोक असेल तर मणका मानेचा. भोकही नाही, खाचही नाही आणि आडवे फाटे लांब, पुढे-खाली झुकलेले असतील तर कमरेचा. पिल्लाचा सांगाडा असेल तर पातळ चकत्या सुट्या पडतात. ती वाढीची टोकं, फेकू नका. मणक्यांमधल्या कूर्चेच्या गाद्या उरलेल्या नसतात, त्यामुळे तार घट्ट ओढली की कणा आखूड होतो. माणसात तर कण्याच्या लांबीचा जवळपास चौथा हिस्सा या गाद्यांचा. मध्ये नमद्याचे तुकडे घाला.

घरच्या ताटातही शिकण्यासारखं बरंच असतं. शिजलेल्या कोंबडीच्या मानेचा एक मणका सोलून घ्या: पुढचा सांधा आडवा पाहिला तर खोलगट, उभा पाहिला तर फुगीर, खोगिरासारखा, मागचा नेमका उलट. मान सगळीकडे वळते ती यामुळे. कोंबडीच्या काही बरगड्यांना मागे एक आकडा असतो, तो मागच्या बरगडीवर टेकतो. रोहूच्या घशात अडकणाऱ्या काट्याला मात्र बरगडी म्हणू नका. बरगड्या पोटाच्या पोकळीला लगटून असतात; अडकतात ती मांसातली दोन फाट्यांची बारीक हाडं.

मग बडोद्याच्या कमाटी बागेत जा. सयाजीराव महाराजांच्या संग्रहालयात, ज्याची इमारत १८९४ची, निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. मानेचे मणके जिराफाला ७, उंदराला ७, यालाही ७. फक्त याचे थाळ्यांसारखे चपटे. (सातचा नियम मोडणारे सस्तन प्राणी मोजकेच, स्लॉथ आणि मॅनॅटी.) बरगड्यांची पहिली जोडीच तेवढी उरोस्थीला, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला, जोडलेली, बाकीच्या पुढून मोकळ्या. कमरेखालचे मणके घट्ट जुळून होणारं त्रिकास्थी नाही, कारण मागचे पाय नाहीत. मग शेपटी कुठे सुरू होते? मणक्यांच्या खाली टांगलेली व्ही आकाराची हाडं असतात. त्यांतलं पहिलं ज्याच्या मागच्या कडेला लागतं, तो शेपटीचा पहिला मणका.

डब्यातल्या मणक्यांवर क्रमांक घालायचे असतील तर काळ्या चायनीज शाईने, कमानीच्या बाजूला घाला. सांध्यावर नको, तिथेच तर बघायचं असतं. हाडं पिवळी पडली तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये ठेवा. कपड्यांचं ब्लीच वापरलंत तर वर्षा-दोन वर्षांत कडा खडूसारख्या झडू लागतील.