आमची वाटचाल: हिरव्या पुडीचा नाद

गंजरोधक प्राइमर हा आमचा मूळ धंदा. पिवळा क्रोमेट प्राइमर आम्ही बरीच वर्षं विकला. काम चोख करायचा, त्यात वाद नाही. पण त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक, आणि डबे भरणारी माणसं आमचीच. मास्क लावा म्हणून किती ओरडणार? पर्याय शोधता शोधता पॉलिॲनिलीन या वीजवाहक पॉलिमरच्या हिरव्या पुडीपाशी येऊन थांबलो.

वीजवाहक पॉलिमरना नोबेल मिळालं 2000 साली. आमच्या कामाची गोष्ट मात्र 1985 ची. स्टेनलेस स्टीलवर पॉलिॲनिलीनचा थर चढवला तर ते सल्फ्युरिक आम्लातही निष्क्रिय, म्हणजे न गंजता राहतं, हे तेव्हा संशोधक डीबेरी यांनी दाखवलं. साधा रंग पाणी नि हवा अडवतो. हा थर धातूवर दाट ऑक्साइड बसवतो. त्यात त्याचं स्वतःचं क्षपण होतं, म्हणजे तो धातूकडून इलेक्ट्रॉन घेतो, आणि हवेतला ऑक्सिजन त्याला पुन्हा पूर्वपदावर आणतो.

मग काय, जितकी पूड जास्त तितकं बरं, अशी आमची समजूत! इपॉक्सी राळेत सढळ हाताने घातली, रंगवलेल्या लोखंडी पॅनेलवर फुलीचा छेद दिला आणि सॉल्ट स्प्रे चेंबरमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्याचा फवारा मारणाऱ्या पेटीत, ठेवलं: 35 अंश, 5 टक्के मीठ. झाकण उघडलं तर छेदालगत फोडच फोड. नख लावलं की रंग पापुद्र्यासारखा सुटे. बिनपुडीचं पॅनेल त्याहून बरं निघालं. पुडीचे कण एकमेकांना भिडले की सगळा थर कॅथोड बनतो आणि छेदातलं एवढंसं उघडं लोखंड ॲनोड, म्हणजे गंजणारी बाजू. मग ते झपाट्याने खाल्लं जातं.

पूड कमी केली, बीड मिलमधलं (बारीक मण्यांनी दळणाऱ्या यंत्रातलं) दळण वाढवलं. ही पूड विरघळत नाही, त्यामुळे खरी मेहनत दळणातच.

एकदा इपॉक्सी घट्ट करणारा हार्डनर घालताच हिरवा रंग निळा पडला. चुकीचा डबा घेतलास म्हणून मी मिसळणाऱ्या पोरावर भडकलो. चूक त्याची नव्हतीच. अमाइन हार्डनर अल्कधर्मी. पुडीला हिरवी आणि वीजवाहक ठेवणारं तिच्यातलं आम्ल तो ओढून घेतो आणि तिची वाहकता जाते. त्याची माफी मागितली. पुढे आम्ल बदलून फॉस्फोरिक घेतलं. फॉस्फेट सुटलं तरी लोखंडाशी न विरघळणारा थर धरतं.

ब्लास्टिंग न करता, म्हणजे कणांच्या माऱ्याने गंज न काढता, प्राइमर गंजावरच मारला तर चालेल का, असे फोन अजून येतात. नाही चालणार.