तुम्ही विचारलंत म्हणून: हा फॉन्ट जाड का करत नाही?

‘अक्षर फार छान आहे, फक्त जरा जाड करून द्या ना.’ माझा हस्ताक्षरी वळणाचा बारीक फॉन्ट वापरणारे बहुतेक जण हेच मागतात. मी आळसाने टाळते असं वाटत असेल, तर एकदा नीट ऐकून घ्या.

अक्षर ज्या चौकटीत काढतात तिचे १००० भाग, म्हणजे युनिट, धरले तर त्याची रेघ २० युनिट जाड आहे. ७२ पॉइंटला ती अर्धा मिलिमीटर भरते, अगदी पेनाच्या रेघेसारखी. १२ पॉइंटला तीच ०.०८५ मिलिमीटर. स्क्रीनवर १६ पिक्सेलच्या मजकुरात तिला पिक्सेलचा तिसरा हिस्साही मिळत नाही, म्हणून काळी रेघ फिकट करडी दिसते. हे अक्षर शीर्षकाचं आहे. चार-पाच शब्द आणि भोवती मोकळी जागा एवढंच ते मागतं.

एका कवयित्रीचा पहिला संग्रह या फॉन्टमध्ये छापला गेला. मुखपृष्ठ नव्हे, आतल्या सगळ्या कविता. ११ पॉइंट, काळ्या पानावर पांढरी अक्षरं, आणि तो काळा रंग चार शाया एकावर एक छापून केलेला. चार छाप केसभर सरकले, शाई पसरली आणि रेघा बुजल्या. अनुस्वार गेले, रफार तुटले. तिने मला फोन केला. पुस्तक समोर उघडून एक कविता वाचू लागली आणि मधेच थांबून म्हणाली, “मी पाठ म्हणतेय. दिसत काहीच नाही.”

३६ पॉइंटच्या खाली वापरू नका, अशी सूचना फॉन्टसोबत होती. मांडणी करणाऱ्याच्या हाती ती होती, तिच्या हाती नव्हती. तिला हे सांगून काय उपयोग होता? मी ऐकत राहिले.

त्यानंतर मी जाड अवतार काढायला घेतला. तेव्हा वाटत होतं, वाचता येत नसेल तर अक्षराला अर्थ काय? पण रेघ फुगवली की ‘क’ची गाठ भरते, ‘ळ’ची वेटोळी चिकटतात. शिरोरेषा शेजारच्या अक्षराला जुळावी म्हणून तिची दोन्ही टोकं एकाच उंचीवर ठेवावी लागतात. हाताची थरथर आणायला फक्त मधला भाग उरतो. जाड रेघेत तीही दिसेनाशी होते. मग उरतो एक साधा गोल टोकांचा फॉन्ट, आणि तसे भरपूर आहेत.

तरी त्या वेळच्या मला मी पुरतं खोडून काढू शकलेले नाही. २४ पॉइंटसाठी ३२ युनिटांची रेघ काढून बघते आहे, प्रत्येक अक्षर नव्याने. ‘अ’ जमला. ‘ळ’ अजून ऐकत नाही. हा नवा अवतार जमलाच, तरी तो पुस्तकाच्या आतल्या मजकुरासाठी नसेल, हे आत्ताच सांगून ठेवते. आणि कृपा करून सॉफ्टवेअरमधलं बोल्डचं बटण दाबू नका. ते अक्षर नव्याने काढत नाही, आहे त्याच रेघेला सगळीकडून सूज आणतं.