तालुकाध्यक्षपदासाठी मी पण अर्ज दिला होता

"वहिनी, महिला आघाडी देतो की तुम्हाला. आत्ता पत्र काढतो, बोला."

हे वाक्य मी गेल्या वर्षी जुलैपासून दिवाळीनंतरपर्यंत इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी शेवटी समोरच्यानं "वहिनी" म्हणून श्वास घेतला की पुढचं मला पाठ असायचं. बरं मागितलं होतं काय, तर तालुकाध्यक्षपद. मेन बॉडीचं, म्हणजे पक्षाच्या मुख्य कार्यकारिणीचं. महिला आघाडीचं नाही, सेलचं नाही, मेन बॉडीचं. पण "मला तालुकाध्यक्ष व्हायचंय" असं बाईनं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात आपोआप "महिला" हा शब्द पुढं चिकटतो, त्याला काही इलाज नाही.

पक्षाचं नाव लिहीत नाही. एक तर अजून त्याच पक्षात आहे, आणि दुसरं म्हणजे इथं दुसऱ्या कुठल्याही पक्षाचं नाव टाकलं तरी काही बिघडणार नाही.

तर आमचा तालुका मंगळवेढा. ज्वारीचं कोठार, दामाजीपंतांचं गाव, चोखोबांची भूमी, हे सगळं भाषणात पहिल्या दोन मिनिटांत येतंच, म्हणून मी पण उरकून टाकते. २०१७ ला थेट जनतेतून सरपंच निवडायचा पहिला हंगाम आला तेव्हा आमच्या गावचं पद महिलेला सुटलं आणि घरच्यांनी मला उभं केलं. खरंच "उभं केलं", मी उभी राहिले नव्हते. पहिलं वर्षभर ग्रामसेवक फाईल घेऊन यायचा ते आमच्या ह्यांच्याकडे. ह्यांनीच एक दिवस त्याला सांगितलं की सही तिची चालते तर वाचायला पण तिलाच दे, मला मोटर चालू करायला जायचंय. तिथून माझं राजकारण सुरू झालं म्हणायला हरकत नाही. पाच वर्षं पूर्ण केली, टँकरचे प्रस्ताव, घरकुलाच्या याद्या, ग्रामसभेतल्या शिव्या, सगळं झालं.

लोक विचारतात तालुकाध्यक्षाला असतं काय, पगार नाही, मानधन नाही, उलट खिशातले जातात. जातातच. दहावा, तेरावा, साखरपुडा, लग्न, वास्तुशांत, जिथं नाही गेलं तिथं "आता मोठी झाली" म्हणतात. पण खुर्चीला वजन आहे. तालुक्यात जिल्हा परिषदेचे गट चार आणि पंचायत समितीचे गण आठ, म्हणजे बारा तिकिटं. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचं पत्र, वरून येतो पण वर नावं कुणाची जातात, कुठल्या क्रमानं जातात, हे तालुक्यातून ठरतं. पक्ष सत्तेत असला तर निराधार योजनेच्या समितीवर कोण, रेशनच्या दक्षता समितीवर कोण, ही पण यादी इथूनच. आणि आमच्याकडे तर २०२२ च्या मार्चपासून झेडपीवर प्रशासक बसलेला, निवडणुका लांबत लांबत गेलेल्या, मग ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि त्या आठवड्यात जी माणसं तीन वर्षं पक्षाच्या मीटिंगला फिरकली नव्हती ती पांढरे शर्ट इस्त्री करून हजर. तालुकाध्यक्षपदाला एकदम नऊ इच्छुक. नववी मी.

पहिलं काम सदस्य नोंदणी. पूर्वी पावती पुस्तक असायचं, आता मोबाईलवर, नंबर टाकायचा, ओटीपी येतो, तो सांगायचा की झाला सदस्य. ऐकायला सोपं वाटतं. पण बँकवाले, पोलीस, सगळे गेली कित्येक वर्षं सांगतायत की ओटीपी कुणाला देऊ नका, आणि मी दारात जाऊन म्हणतेय मावशी ओटीपी सांगा. एका आजीनं मला तोंडावर विचारलं, "तू आपल्या गावची ना गं, मग पैसे काढशील का माझे?" तिला चहा होईपर्यंत समजावलं, शेवटी नातवाला फोन लावला, नातू पुण्याला कंपनीत, तो म्हणाला काकू तिचं राहू द्या माझंच करा. असं करत करत अकराशेच्या वर सदस्य केले. त्यात निम्म्याहून जास्त बायका, बचत गटाच्या. मला वाटलं झालं, आपण जिंकलो.

इथं माझा पहिला अडाणीपणा. साध्या सदस्याला काही विचारत नाहीत. विचारतात क्रियाशील सदस्याला, आणि क्रियाशील कोण हे एका वेगळ्या यादीत असतं, ती यादी जिल्ह्याच्या ऑफिसातून येते, आणि ती यादी कधी बंद झाली हे ज्यांना कळायचं त्यांनाच कळतं. मी यादी मागितली तर आज देतो उद्या देतो करत एकोणीस दिवस गेले. मिळाली तेव्हा माझ्या फॉर्म भरलेल्या त्रेसष्ट बायकांपैकी नऊ नावं होती त्यात. बाकीचे फॉर्म "अपूर्ण". काय अपूर्ण ते कुणी सांगेना.

आणि त्याच यादीत आमच्या इच्छुकांपैकी एका दादांची पतसंस्था आहे, तिचे झाडून सगळे पिग्मी एजंट. हे बघून मात्र मी मनातल्या मनात त्यांना मानलं. अहो पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दुकानादुकानात, घराघरात जातोच, लोकांचा त्याच्यावर विश्वास असतोच, ओटीपी तर लोक त्याला न विचारता सांगतात. मी दीड महिना उन्हापावसात फिरून जे केलं ते त्यांनी रोजच्या वसुलीबरोबर उरकलं. एवढं डोकं आपल्याला आधी का सुचलं नाही ह्याचं जास्त वाईट वाटलं.

दुसरी अडचण मोठी आहे आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. तालुक्याचं राजकारण रात्री साडेनऊनंतर ढाब्यावर होतं. दिवसा जी मीटिंग असते, सतरंजी, हार, प्रास्ताविक, ती नुसती दाखवायची. खरं कोण कुणाबरोबर, कोण माघार घेणार, कुणाला काय देणार, हे रात्री भाकरी आणि काळ्या रश्श्यावर ठरतं. तिथं मी जाऊ शकत नाही. म्हणजे जाऊ शकते, कोण अडवणार, पण मी गेले की ती मीटिंगच राहत नाही, सगळे एकदम नीट बसतात, "वहिनी जेवला का" सुरू होतं, आणि मग खरी मीटिंग मी गेल्यावर अकराला परत सुरू. दोनदा ह्यांना पाठवून बघितलं. हे जेवून आले. काय ठरलं विचारलं तर म्हणाले मटण बरं होतं.

मग मी माझी वेळ काढली, सकाळी सहा ते सात, दूध डेअरीवर. संकलन केंद्रावर अख्खं गाव येतं, बाप्ये पण बाया पण, कॅन ठेवून फॅट लागेपर्यंत दहा मिनिटं कुणालाच कुठं जायचं नसतं. मरवडे, बोराळे, आंधळगाव, भोसे, नंदेश्वर, अशी एकेक सकाळ एकेक गाव. स्कुटीवर. सप्टेंबरात सीना-भीमेला पूर आला तेव्हा पंधरा दिवस सगळं बंद पडलं, पक्षाचं काय घेऊन बसलात, जिल्ह्यात माणसं घराच्या छतावर होती, आम्ही भाकरी गोळा करून पाठवत होतो. त्या भाकरीच्या वेळी जेवढ्या बायका माझ्या ओळखीच्या झाल्या तेवढ्या नोंदणीत झाल्या नव्हत्या. पण भाकरी दिल्यानं क्रियाशील होत नाही माणूस.

दिवाळीत हुलजंतीला महालिंगरायाची यात्रा असते, पालख्यांची भेट, कर्नाटकातनं पण लोक येतात, भंडाऱ्यानं सगळं रान पिवळं होतं. यात्रेत पुढारी येणारच. नऊच्या नऊ इच्छुक तिथं होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याला "दर्शनाला आलो होतो" सांगत होता. तिकडच्या भागात घरात कन्नड बोलणारे बरेच, माझं माहेर तिकडचंच, त्यामुळं मला येतं. दोन म्हाताऱ्यांशी कन्नडमधून बोलत उभी होते तर मागनं एक इच्छुक तात्या येऊन म्हणाले, वहिनी काय सांगताय त्यांना? म्हटलं, तुम्हाला मत द्या म्हणून सांगतेय. त्यांनी खरं मानलं, हात जोडले.

नोव्हेंबरात पक्षानं वरून पाठवलेले निरीक्षक आले. विश्रामगृहावर मुलाखती. बाहेर लिंबाखाली नऊ जण आणि प्रत्येकाची वीस-पंचवीस माणसं, आणि माझ्यामागं बचत गटाच्या चौदा बायका, त्यातल्या दोघी कडेवर पोरं घेऊन. चहावाल्यानं बायकांना चहा दिला नाही, त्याला वाटलं त्या रेस्ट हाऊसला निराधारचे अर्ज घेऊन आल्यात. मी आत गेले. बाकीच्यांना आत काय विचारलं ते नंतर कळलं, गाडी कुठली आहे, किती खर्च करू शकाल, साखर कारखान्यावाल्यांशी संबंध कसे आहेत. मला पहिला प्रश्न, "घरच्यांची परवानगी आहे का?" मी म्हटलं साहेब सरपंच होते पाच वर्षं. ते म्हणाले ते ठीक आहे पण हे रात्रीअपरात्रीचं काम आहे. आणि मग ते वाक्य. महिला आघाडी.

मी विचारलं, आपल्या सोलापूरला २०२४ ला प्रणिती शिंदे लोकसभेला निवडून आल्या, त्याच्या आधी तीनदा आमदार, त्यांना कुणी परवानगी विचारली असेल का? साहेब हसले. म्हणाले, त्यांची गोष्ट वेगळी. वेगळी आहेच, मी पण घरी जाताना तोच विचार करत होते, वडील माजी मुख्यमंत्री असले की रात्रीअपरात्र वेगळी उजाडते. पण त्यांचं आणि माझं काही तरी एक असेलच ना.

मुलाखतीनंतर हॉलमध्ये सगळ्यांना बसवलं आणि ज्याची मला आधीच कुणकुण होती ते झालं. एक जण उठला आणि एका ओळीचा ठराव मांडला, तालुकाध्यक्ष निवडीचे सर्वाधिकार वरिष्ठांना देण्यात येत आहेत. दुसऱ्यानं अनुमोदन. टाळ्या सुरू व्हायच्या आत मी उभी राहिले. म्हटलं पक्षाच्या घटनेत निवडणूक लिहिलीय, यादी तुम्हीच केलीय, पेट्या नसल्या तर चिठ्ठ्या टाकू, मी हरले तर हरले. पंखा फिरल्याचा आवाज येत होता एवढी शांतता. मागून एक ज्येष्ठ अण्णा खरोखर काळजीनं म्हणाले, "पोरी, आपल्यात मतदान झालं की पक्ष फुटतो. एकमत करावं."

हे मी नंतर बरंच वाचलं. पक्षाची नोंदणी होते लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ए खाली, घटना द्यावी लागते, निवडणूक आयोग पक्षांकडनं आतल्या निवडणुकांची माहिती पण मागतो. १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेनेचं नाव-चिन्ह कुणाचं हा निकाल देताना आयोगानं पक्षांतर्गत लोकशाहीवर पानंच्या पानं लिहिली. पण निवडणूक नाही घेतली म्हणून नोंदणी रद्द करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे घटनेत लिहिलंय खरं, पण आमच्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकासारखं लिहिलंय. आणि आरक्षणाचं बघा, गावात, पंचायत समितीत, झेडपीत बाईला निम्म्या जागा, २०११ पासून. विधानसभा-लोकसभेचं २०२३ ला पास झालं, मिळेल तेव्हा मिळेल. पण ही तिकिटं वाटणारी जी खुर्ची आहे तिला आरक्षण नाही, मग चारपैकी दोन गट महिलांना सुटले तरी त्या दोन महिला कोण हे ढाब्यावरच ठरणार. मला ते पद हवं होतं ते एवढ्यासाठीच. हे मी मुलाखतीत सांगायला पाहिजे होतं. तिथं नाही सुचलं, स्कुटीवर सुचलं.

चार दिवसांनी रात्री ग्रुपवर पीडीएफ आली. तालुकाध्यक्ष पिग्मीवाले दादा. खाली जंबो कार्यकारिणी, कार्याध्यक्ष दोन, उपाध्यक्ष सतरा, सरचिटणीस बावीस, चिटणीस मोजले नाहीत. बाकीचे इच्छुक सगळे कुठं ना कुठं बसवलेले. माझं नाव उपाध्यक्षांत अकराव्या नंबरला, आडनाव चुकलेलं. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "मेन बॉडीत घेतलं की गं." त्यांना काय सांगू. पण बरोबर होतं त्यांचं, मेन बॉडीतच होतं.

मी नारळ-हार घेऊन दादांना भेटून आले. राग धरून तालुक्यात राहता येत नाही, आठवड्यातनं तीनदा तहसीलला समोरासमोर येतो आपण. ते पण नीट बोलले, म्हणाले वहिनी तुमची डेअरीची आयडिया भारी होती, आपल्या पोरांना सांगितलीय.

मग परवा त्यांचा फोन. अध्यक्ष झाल्यावरचा मला आलेला पहिला फोन. "वहिनी, शनिवारी सोलापूरला सभा आहे, साहेब येणार आहेत. तुमच्याकडनं दोन गाड्या बायका पाहिजेत. नव्वद तरी."

म्हटलं, दादा, उपाध्यक्ष सतरा आहेत ना? नव्वद भागिले सतरा करा, पाच-सहा येतात वाटणीला. माझ्या सहा मी घेऊन येते, चहानाश्ता माझा.

पलीकडं बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "अहो पण बाकीच्या उपाध्यक्षांना बायका आणा म्हणून कसं सांगू मी?"

म्हटलं, विचारून तर बघा.