व्हिसाच्या तक्त्यातली आठवी ओळ: जपान प्रवासाचा माझा अनुभव

जपानच्या व्हिसाच्या फाईलमध्ये एक तक्ता भरावा लागतो. तारीख, त्या दिवशी काय करणार, संपर्क आणि मुक्काम कुठे. उतरल्यापासून परतीच्या विमानापर्यंत एकही दिवस सोडायचा नाही. आई, बाबा आणि मी नोव्हेंबर 2024 मध्ये जाणार होतो. तोक्यो, क्योतो, तिथून नारा आणि हिरोशिमा, शेवटी ओसाका, आणि ओसाकाच्या आधी एक रात्र कोयासान डोंगरावर. बाकीच्या ओळींकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. कोयासानच्या आठव्या ओळीसाठी मात्र मी नाशिकहून मुंबईला तीन खेपा घातल्या. अजून तो तक्ता आठवला की डोकं तापतं.

कोयासान का, ते आधी सांगते. आई पक्की शाकाहारी. जपानमध्ये अडचण मांसाची नसते, 'दाशी'ची असते. वाळवलेल्या माशाच्या पापुद्र्यांचं पाणी. सूपमध्ये, नूडल्सच्या रश्शात, उकडलेल्या भाजीतसुद्धा ते असतं. 'मांस नको' म्हटलं तरी दाशी येतेच, कारण तिथे कुणी तिला मांस समजत नाही. कोयासानला मात्र देवळांमध्ये राहता येतं आणि भिक्षूंचं जेवण मिळतं, 'शोजिन ऱ्योरी'. त्यात मासा नाही, दाशीसुद्धा समुद्री शेवाळाची आणि मशरूमची, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य. आपल्या चातुर्मासासारखंच. आई म्हणाली, "एक रात्र तरी मला न विचारता जेवू दे." एवढं ऐकल्यावर ती रात्र मी ठरवूनच टाकली.

पहिल्या खेपेला पहाटे उठून नाशिक रोडहून पंचवटी पकडली. तिघांच्या फायली, आई-बाबांच्या सहीची अधिकारपत्रं, बँकेची स्टेटमेंट, सगळं क्रमाने लावलेलं. व्हिसा अर्ज केंद्रातल्या काउंटरवरच्या बाईंनी तक्ता वाचला आणि आठव्या ओळीवर बोट ठेवलं. "हॉटेलचं व्हाउचर?" मी सांगितलं, हे देऊळ आहे, देवळात राहायची सोय असते, बुकिंग मेलवर झालंय, पैसे तिथे रोख द्यायचे. मेलची प्रिंट दाखवली. दोन ओळी इंग्रजी, बाकी जपानी. "यावर पत्ता नाही, फोन नाही. चालणार नाही." फाईल परत.

मी देवळाला लिहिलं. दुसऱ्याच दिवशी पत्ता आणि फोन नंबर घातलेली नवी मेल आली. आठवड्याने पुन्हा पंचवटी, पुन्हा रजा. त्याच बाई, तीच ओळ. "यात फक्त तुमचं आडनाव आहे, तीन व्यक्ती एवढंच लिहिलंय. आई-वडिलांची नावं कुठे आहेत?"

माझा राग इथला आहे. नावं पहिल्या कागदावरही नव्हती. त्या दिवशी तो कागद त्यांच्या हातात होता, पत्ता नाही हे दिसलं तेव्हा नावं नाहीत हेही दिसत होतं. दोन्ही उणिवा एकदम सांगितल्या असत्या तर माझी एक रजा आणि एक खेप वाचली असती. माझ्या मागे साताऱ्याहून आलेलं एक जोडपं होतं, त्यांनाही असंच एकेक करून सांगत होते. लांबून येणाऱ्या माणसाला पहिल्याच वेळी सगळी यादी मिळायला हवी, यात मागण्यासारखं काय जास्त आहे?

वर त्या बाईंनी उपाय सुचवला: "ही रात्र काढा, ओसाकाचं हॉटेल टाका, मग कॅन्सल करा. सगळे तेच करतात." मी नाही म्हटलं. तक्त्याखाली माझी सही होती. जिथे राहणार नाही तिथला पत्ता सही करून द्यायचा मला पटलं नाही, आणि आजही पटत नाही.

तिसऱ्या वेळी मी देवळाला मेलचा मसुदाच पाठवला, आणि तुम्हीही तेच करा: तिघांची नावं पासपोर्टवर आहेत अगदी तशी, येण्या-जाण्याची तारीख, माणसं किती, देवळाचा पूर्ण पत्ता आणि फोन. त्यांनी तो जसाच्या तसा, खाली जपानीत स्वतःच्या दोन ओळी घालून परत पाठवला. सोबत मी एक पानी पत्र जोडलं, देवळातला मुक्काम म्हणजे काय आणि पैसे तिथे का द्यायचे आहेत ते सांगणारं. या वेळी काउंटरवर दुसरा मुलगा होता. दहा मिनिटांत पावती हातात. बाहेर येऊन आईला फोन केला तेव्हा मला नीट बोलताच येईना. आठ दिवसांनी व्हिसा आला.

तो ई-व्हिसा होता. विमानतळावर तो फोनमध्ये इंटरनेट सुरू करून उघडून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ, प्रिंट चालत नाही. बाबांच्या फोनला नेट नव्हतं, म्हणून तिघांचे व्हिसा माझ्याच फोनवरून एकेक करून दाखवले. तुमचा फोन चार्ज ठेवा.

बाकी शहरं सुरळीत झाली, त्यामुळे थोडक्यात. तोक्योत आसाकुसा भागातलं गर्दीचं सेन्सोजी देऊळ बघून झाल्यावर जवळच्या मात्सुचियामा शोदेन देवळात नक्की जा. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपती, आणि त्याला मुळा वाहतात. मूर्ती दाखवत नाहीत, पण आईने मुळा वाहिला आणि खूप वेळ हात जोडून उभी राहिली. नाराला तोदाईजी देवळातल्या महाबुद्धाचे डोळे 752 साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने रंगवले, हे ऐकल्यावर बाबा तिथून हलेनात. क्योतोत सांजुसांगेन्दो देवळात कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या 1001 मूर्ती आहेत आणि पुढे रक्षक देवतांमध्ये आपला गरुडही. हिरोशिमाच्या संग्रहालयातून बाहेर आल्यावर आम्ही तिघं नदीकाठी बराच वेळ गप्प बसलो. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

पर्यटकांच्या रेल्वे पासबद्दल राहिलंच. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा साधा पास 29,650 वरून 50,000 येन झाला. आमच्या मार्गाला सुटी तिकिटंच परवडली. आधी बेरीज करा. मोठ्या बॅगा कुरियरने क्योतोहून थेट ओसाकाच्या हॉटेलला पाठवल्या, म्हणून डोंगर चढताना हात मोकळे होते.

आणि कोयासान. ओसाकाच्या नाम्बाहून गाडी, मग केबल कार, मग बस. शिंगोन या बौद्ध पंथाचे संस्थापक कोबो दाइशी यांनी 816 साली वसवलेली जागा. पाचच्या आत पोचा, जेवण लवकर असतं. आईसमोर लाखेचे छोटे छोटे वाडगे आले: कोयाचं सुकवलेलं तोफू, भाज्यांचा तेंपुरा, तीळ (म्हणजे 'गोमा') आणि कुड्झू नावाच्या कंदाच्या पिठाचं मऊ गोमा-दोफू. तिने एकदाही "यात काय आहे?" विचारलं नाही. सगळं संपवलं आणि भात पुन्हा मागितला.

पहाटे होम होता. त्यालाही 'गोमा'च म्हणतात, पण हा गोमा 'होम' शब्दावरून आलेला. लाकडाच्या समिधा रचलेल्या, ज्वाळा, घंटा, आणि मंत्राच्या शेवटी 'सोवाका'. "स्वाहा म्हणतायत," बाबा कानात म्हणाले. त्यांनी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. मग ओकुनोइनच्या दफनभूमीत, दोन किलोमीटरच्या त्या देवदारासारख्या उंच सुगी झाडांच्या वाटेवर, पाच थरांच्या दगडांवर संस्कृतसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या सिद्धम् लिपीतली ख, ह, र, व, अ ही बीजाक्षरं सापडली. अनुक्रमे आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. बाबा प्रत्येक दगडापाशी थांबून मोठ्याने वाचत होते. थंडी बोचरी होती, स्वेटर जास्तीचा घ्या.

घरी आल्यावर मी देवळाला आभाराची मेल लिहिली, खाली तिघांची पूर्ण नावं. उत्तर याही वेळी दुसऱ्याच दिवशी आलं, आणि त्यांनी तिन्ही नावं पुन्हा टाईप केली होती.