ऑक्सफर्ड ते लंडन, चाळीस फुटी बोटीनं

ऑक्सफर्डहून थेम्समार्गे लंडनला जायचं असेल तर आखणी उलटी करावी, लंडनकडून ऑक्सफर्डकडे. टेडिंग्टनपर्यंत थेम्स ही बांधलेली, शांत नदी आहे. टेडिंग्टनच्या बंधाऱ्याखाली समुद्राची भरती-ओहोटी सुरू होते, आणि मध्य लंडनकडे नेणाऱ्या कालव्यात शिरायचं ब्रेंटफर्डचं दार पूर्ण भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास, एवढंच चालू असतं. ती एक भरती आधी धरायची आणि तिथून मागे येत रोजचे मुक्काम ठरवायचे. आम्ही दोघांनी तसंच केलं.

आमची बोट म्हणजे नॅरोबोट: चाळीस फूट लांब, जेमतेम सात फूट रुंद, आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय. भाड्याची बोट भरतीच्या पाण्यात न्यायला बहुतेक कंपन्या परवानगी देत नाहीत, त्यामुळे हा प्रवास सहसा स्वतःच्या किंवा मित्राच्या बोटीनंच करावा लागतो. कागदपत्रांत एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. टेडिंग्टनपर्यंतची थेम्स एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे, त्याखालची पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीकडे आणि कालवे कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे. पहिल्या आणि तिसऱ्या संस्थेच्या पाण्यासाठी मिळून एक गोल्ड लायसन्स निघतं, ते आम्ही घेतलं. बोटीचं सुरक्षा प्रमाणपत्र चालू होतं. विम्याच्या कागदात मात्र 'भरतीचं पाणी' समाविष्ट आहे का, हे फोन करून विचारलं आणि तसं लेखी मागवून घेतलं. टेडिंग्टनखाली बोटीवर रेडिओ ठेवायचा नियम ४५ फुटांहून लांब बोटींना आहे, तो आम्हाला लागला नाही.

तारीख ठरवली ती बाबांनी, वेंगुर्ल्यात बसून. कोकणात भरतीचं गणित तिथीवरून करतात: तिथीची पाऊणपट काढायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मी फोनवर म्हटलं, "बाबा, इथे पाणी नदीतून वर चढत येतं, ते आपल्या गणितात बसेल का?" ते म्हणाले, "अगं, चंद्र तोच ना? अमावास्येला तुमच्याकडे किती वाजता भरते ते सांग, पुढचं मी बघतो." लंडन ब्रिजला अमावास्या-पौर्णिमेची भरती उन्हाळी वेळेप्रमाणे तीनच्या आसपास पूर्ण होते, आणि टेडिंग्टनला पाणी आणखी तासाभरानं पोचतं. अष्टमीचे सहा तास त्यात मिळवले की टेडिंग्टनला सकाळचे साधारण दहा. बाबा म्हणाले, "अष्टमीच धर. भांगाचं पाणी असतं, म्हणजे लहान भरती, ओढ कमी. उधाणात लहान होडी घालू नको." पोर्ट अथॉरिटीचं भरतीचं कोष्टक उघडून पाहिलं तर दहाच्या आगेमागेच वेळ होती. घड्याळाची मिनिटं कोष्टकातूनच घ्यायची हे खरं, पण कुठल्या आठवड्यात निघायचं हे कालनिर्णयवरून ठरलं याचा मला फार आनंद झाला. उधाणाच्या मोठ्या भरतीला पाणी टेडिंग्टनच्या बंधाऱ्यावरून उलटं वर येतं, एवढं सांगितलं तरी बाबांचा सल्ला किती योग्य होता ते कळेल.

मग मागे मोजायला लागलो. ऑक्सफर्डच्या ऑस्नी लॉकपासून टेडिंग्टनपर्यंत सुमारे १५० किलोमीटर, आणि वाटेत दोन्ही टोकं धरून ३३ लॉक. लॉक म्हणजे पाण्याची पायरी: दोन दारांमधल्या कप्प्यात पाणी कमी-जास्त करून बोट खाली-वर नेतात. वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर, प्रत्येक लॉकला वीसेक मिनिटं. रोज पाच-सहा तासांहून जास्त सुकाणू धरायचं नाही असं ठरवलं तर आठवडा लागतो. त्यात टेडिंग्टनच्या अलीकडे राखीव दिवस ठेवलेच पाहिजेत. पाऊस झाला की लॉकवर पिवळ्या पाट्या लागतात आणि प्रवाह जोरात असला की लाल. लाल पाटी दिसली की बोट बांधून ठेवायची, त्यात तडजोड नाही. जुलैच्या सुरुवातीला हेन्लीला वल्हवण्याच्या शर्यती असतात, तेव्हा तिथे बोट बांधायला जागा मिळणं कठीण, म्हणून तो काळ टाळला.

टेडिंग्टनपर्यंतच्या प्रवासात सगळ्यात जास्त लक्ष लॉकमध्ये द्यावं लागतं. आत शिरलं की इंजिन बंद. पुढचा आणि मागचा दोर काठावरच्या खुंट्यांना वेढा देऊन हातात धरायचा, गाठ मारायची नाही. खाली जाताना पाणी पायाखालून उतरतं, आणि दोर बांधलेला असेल तर बोट त्यालाच लटकते. दोर ओला असतो, हळूहळू सोडावा लागतो, तळव्याला त्याची खरखर जाणवते. थेम्सवर उन्हाळ्यात बहुतेक लॉकवर लॉककीपर असतात आणि दारं यंत्रानं उघडतात. ही माणसं नदीची खरी जाणकार. पुढे कुठे बोट बांधायला बरी जागा आहे, पाणी कुठे भरायचं, हे त्यांना विचारावं. क्लीव्ह लॉकच्या वर बेन्सन लॉकपर्यंत मध्ये एकही लॉक नाही, तो दहाएक किलोमीटरचा पट्टा मला सगळ्यात आवडला. विंडसर, मग १२१५ च्या मॅग्ना कार्टाचं रनिमीड, मग हॅम्प्टन कोर्ट. यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

टेडिंग्टनच्या आदल्या संध्याकाळी तयारी वेगळी. नांगर आणि साखळी पेटीतून काढून पुढच्या टोकाला बांधून ठेवली, कारण इंजिन बंद पडलं तर ब्रेक म्हणून तेवढंच असतं. डिझेलचं फिल्टर बदललं. लाइफ जॅकेट घालूनच निघायचं. ब्रेंटफर्डच्या लॉकला आधीच फोन करून वेळ नोंदवली होती. सकाळी टेडिंग्टनच्या लॉककीपरनं कोष्टक पाहून कधी सुटायचं ते सांगितलं, आणि मी त्यांच्या मिनिटाला सुटले. भरतीच्या आसपास रिचमंडच्या १८९४ सालच्या बंधाऱ्याची दारं वर उचललेली असतात, खालून सरळ जाता येतं. पुढे डावीकडे सायन पार्क, उजवीकडे क्यू गार्डन्स. ब्रेंटफर्डचं तोंड डाव्या हाताला येतं आणि ते पटकन लक्षात येत नाही. थोडं पुढे जाऊन, बोट फिरवून, प्रवाहाच्या तोंडावर आत घ्यायची. नवरा पुढे उभा राहून हात दाखवत होता, मी सुकाणूवर. पाणी जवळजवळ थांबलं होतं आणि बोट अलगद आत गेली.

पुढे हॅनवेलची सहा लॉकची चढण. इथे आपणच लोखंडी हँडल घेऊन झडपा उघडायच्या. लॉक रुंद असल्यानं दोन नॅरोबोटी शेजारी-शेजारी बसतात. सोबत मिळाली तर जरूर घ्यावी, पाणी आणि मेहनत दोन्ही वाचतात. वर साउथॉलला कढीपत्ता, कोथिंबीर आणि ताजी भेंडी घेतली. बुल्स ब्रिजला उजवीकडे पॅडिंग्टनचा फाटा लागतो, आणि तिथून मध्य लंडनातल्या लिटल व्हेनिसपर्यंत एकही लॉक नाही. नॉर्थ सर्क्युलर रस्त्याच्या वरून कालवा पुलावरून जातो, खाली गाड्या धावतात. मग केन्सल ग्रीनची दफनभूमी, जिथे १८४६ साली रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोर यांना पुरलं.

मध्य लंडनात बोट बांधायची जागा आयत्या वेळी मिळेल ही आशा धरू नये. लिटल व्हेनिसला रेम्ब्रांट गार्डन्सजवळची जागा ट्रस्टकडे आधी नोंदवली होती. आमचं लंडन तिथून चालत जाण्याइतकं जवळ होतं: रीजंट्स कॅनॉलच्या कडेनं, प्राणिसंग्रहालयावरून, प्रिमरोझ हिलच्या पलीकडे १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. आंबेडकर इथे राहत होते आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनानं हे घर घेतलं. प्रवास ठरला तेव्हापासून मला इथेच यायचं होतं. एवढ्या मोठ्या शहरात एक मराठी माणूस पुस्तकांत बुडून राहिला, आणि त्यातून आपल्या देशाला काय मिळालं, हे त्या खोल्यांतून फिरताना सतत मनात होतं.

परतीसाठी आम्ही भरतीची वाट धरली नाही. ग्रँड युनियन कालव्यानं उत्तरेला ब्राउनस्टनपर्यंत जायचं आणि ऑक्सफर्ड कॅनॉलनं खाली उतरायचं. याला इथे थेम्स रिंग म्हणतात. वाट लांब आहे, लॉक पुष्कळ आहेत, पण त्या वाटेवर कुठल्याच तिथीचा हिशेब ठेवावा लागत नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी याच दिशेनं फेरी करावी, म्हणजे भरतीचा टप्पा प्रवाहाबरोबर पार होतो.