थायरॉईड, पर्क्लोरेट आणि मावशीचे सैंधव

आज मावशीला घेऊन थायरॉईडच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. टीएसएच (थायरॉईड मंदावली की रक्तात वाढणारे संप्रेरक) वाढलेले पाहून तिने थेट विचारले, "पाण्यातल्या रसायनांमुळे होतं का हो हे?" डॉक्टरांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही, हे मला फार आवडले.

तिचा आजार हाशिमोटो, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेला हल्ला. तरीही शंका बिनबुडाची नव्हती. रॉकेटच्या इंधनात आणि काही फटाक्यांत असलेले पर्क्लोरेट हे थायरॉईडच्या पेशीत आयोडीन नेणाऱ्या प्रथिनालाच अडवते, आणि मात्रा पुरेशी असेल तर संप्रेरक बनवायला कच्चा मालच अपुरा पडतो. हा गुण इतका खात्रीचा, की १९५०च्या दशकात अतिक्रियाशील थायरॉईडवर ते चक्क औषध म्हणून दिले जाई. अमेरिकेत नेवाडातील हेंडरसनच्या कारखान्यांतून हे रसायन झिरपून कोलोरॅडो नदीच्या पाण्यात उतरल्याचे १९९७ मध्ये उघड झाले. पुढे त्या पाण्यावर पिकलेल्या लेट्यूसमध्येही ते सापडले. गर्भवतींना आणि आहारात आयोडीन कमी असलेल्यांना याचा धोका अधिक; मात्र एकट्या रुग्णाच्या अहवालावरून रसायनाला दोषी ठरवता येत नाही.

मग डॉक्टरांनी घरात मीठ कोणते, असे विचारले. मावशीने अभिमानाने गुलाबी सैंधवाचे नाव घेतले, ज्यात आयोडीन नगण्य असते! त्यांनी साधे आयोडीनयुक्त मीठ सुचवले. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांना मात्र साफ नकार दिला, कारण हाशिमोटोत आयोडीनचा अतिरेकही बाधतो.