त्याच्या आधीची पाळी कधी आली होती?

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या चिठ्ठीवर एक तारीख असते. एलएमपी, शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. बास. त्या एका तारखेवर पुढचं सगळं चालतं, किती आठवडे झाले, ठोके दिसायला हवेत का नाही, बाळंतपण कधी, सगळं. गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी भरायच्या सरकारी फॉर्म एफ मध्ये पण शेवटच्या पाळीचा एकच रकाना. पाळी किती दिवसांनी येते, त्याच्या आधीची कधी आली होती, हे लिहायला कुठे जागाच नाही आणि ज्याला कागदावर जागा नाही ते आपल्याकडे कोणी विचारत नाही.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावाला माझं सोनोग्राफी सेंटर आहे. ही केस मार्च २०२५ मधली, होळीच्या आदल्या दिवशीची. मुलीची ओळख पटेल असं काही लिहीत नाही, पण तारखा लिहिते कारण सगळा घोळ तारखांचा होता.

चोवीस वर्षांची मुलगी, सोबत सासू. लग्नाला तीन वर्षं झालेली, पहिलटकरीण. फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी, त्यावर 'व्हायबिलिटी' (म्हणजे गर्भ जिवंत आहे का बघा) एवढाच शब्द, आणि सोबत दुसऱ्या एका सेंटरचा सहा दिवसांपूर्वीचा रिपोर्ट. रिपोर्टमध्ये असं की एलएमपीप्रमाणे ७ आठवडे २ दिवस, गर्भाची लांबी ३ मिमी म्हणजे वाढ ५ आठवडे ६ दिवसांची, ठोके नाहीत, मिस्ड अबॉर्शन (म्हणजे गर्भ आतच गेलेला) वाटतं, क्लिनिकली कोरिलेट करा, म्हणजे पेशंट तपासून ताळा बघा. ही शेवटची ओळ आमच्या धंद्यात जबाबदारी पुढे ढकलायला वापरतात, हे मी स्पष्टच सांगते. सोनोग्राफीवाला म्हणतो मी फक्त 'वाटतं' लिहिलंय, आणि पुढचे डॉक्टर बाकीचा मजकूर न वाचता 'मिस्ड अबॉर्शन' एवढे दोन शब्द वाचतात.

मुलगी टेबलवर आडवी होता होता मला म्हणाली, "म्याडम, त्या गोळ्या आज रात्री घेतल्या तर चालतील का, उद्या आमचे हे येणार हायेत." कसल्या गोळ्या म्हटलं तर तिने पर्समधून पाकीट काढलं. पाच गोळ्यांचं किट, एक वेगळी आणि चार एकत्र. पहिली गर्भाची वाढ थांबवणारी आणि बाकीच्या चार पिशवी आकुंचन पावायला लावणाऱ्या. सहा दिवस ते पाकीट तिच्या पर्समध्ये होतं. नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर, चेन्नई लाईनला, होळीला घरी येणार, तो आल्यावर घेऊ कारण रक्तस्राव जास्त झाला तर रात्री न्यायला माणूस नको का घरात. आणि सासूचं आणखी एक म्हणणं होतं. "आमाला काय कळतंय म्याडम, पन दोनदा बघितल्याबिगर पाडायचं न्हाई म्हनलं मी हिला." सासवांबद्दल लोक काय काय बोलतात, पण त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यात शास्त्रशुद्ध वाक्य ह्या बाईंचं होतं.

मी प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा दांडा, हातात घ्यायच्या आधी तिला विचारलं, शेवटची पाळी कधी? संक्रांतीला. पक्कं? पक्कं, कारण ववसायला जाता आलं नाही, सगळ्या जावा गेल्या आणि मी घरी. बरं, त्याच्या आधीची? इथे ती थांबली, कारण हे तिला आजपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं. सासूने सांगितलं, चंपाषष्ठीला. त्यांच्या घरी खंडोबा, तळी भरताना ही बाहेर बसलेली, म्हणून लक्षात. आणि त्याच्या आधी? धनत्रयोदशीला, ऐन दिवाळीत अडचण आली म्हणून फराळ सासूने एकटीने केला.

आमच्याकडच्या बायकांना इंग्रजी तारखा विचारल्या की त्या गोंधळतात आणि मग आपण कागदावर 'अनशुअर ऑफ डेट्स', तारखा नक्की नाहीत, असं लिहून मोकळे होतो. पण कुठल्या सणाला बाजूला बसावं लागलं हे त्यांना वर्षानुवर्षं आठवतं. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि मोजलं. धनत्रयोदशी २९ ऑक्टोबर, चंपाषष्ठी ७ डिसेंबर, संक्रांत १४ जानेवारी. म्हणजे ३९ दिवस आणि मग ३८ दिवस. ह्या मुलीची पाळी अठ्ठावीस दिवसांची नाहीच.

पाळीचा पहिला भाग, म्हणजे अंडं तयार होईपर्यंतचा, प्रत्येकीचा वेगळा असतो, कुणाचा दहा दिवसांचा कुणाचा पंचवीस. अंडं फुटल्यानंतरचा भाग मात्र साधारण बारा ते चौदा दिवसांचा. म्हणजे ३८ दिवसांची पाळी असेल तर अंडं चौदाव्या दिवशी फुटत नाही, चोविसाव्याच्या आसपास फुटतं. आणि आमची सगळी आठवड्यांची गणितं, मशीनमधली सुद्धा, चौदावा दिवस धरून बसवलेली. म्हणजे हिच्या बाबतीत कागदावरचे आठवडे सुरुवातीपासून दहा दिवस पुढे पळत होते.

मग नवरा कधी घरी होता हे विचारलं. विचारायला संकोच वाटतो खरा, पण विचारायलाच पाहिजे. जानेवारीत तो घरी नव्हताच. रथसप्तमीला आला, ४ फेब्रुवारीला, ते पण ट्रेलर सोलापुरात गॅरेजला लागला म्हणून, आणि चार दिवसांनी गेला. आता बघा, ४ फेब्रुवारीला जरी गर्भ राहिला असं धरलं तरी ६ मार्चला, म्हणजे त्या पहिल्या रिपोर्टच्या दिवशी, गर्भ राहण्याआधीचे दोन आठवडे मोजायची पद्धत आहे ते धरून जास्तीत जास्त सहा आठवडे दोन दिवस भरतात. सात आठवडे दोन दिवस होऊच शकत नाहीत! तिसरी गोष्ट तिने आपण होऊन सांगितली, महिना झाला म्हणून फेब्रुवारीच्या मध्याला घरी किट आणून तपासलं तर एकच रेघ, आणि महाशिवरात्रीला दोन. गर्भ जानेवारीच्या शेवटी राहिला असता तर फेब्रुवारीच्या मध्याला दोन रेघा यायला हव्या होत्या. तीन वेगवेगळ्या बाजूंनी एकच उत्तर येत होतं आणि हे सगळं कळायला मशीन लागलं नाही, पाच मिनिटं लागली.

मग तपासणी. ती तांब्याभर पाणी पिऊन आलेली, कारण सगळीकडे तेच सांगतात, पण इतक्या लवकरच्या दिवसांत खालून तपासायचं असतं आणि त्याला लघवी करून आलेलं बरं. खालून म्हटलं की बायका घाबरतात, गर्भ पडेल म्हणून. नाही पडत, प्रोब गर्भपिशवीच्या आत जातच नाही, तोंडाच्या बाहेरच राहतो. तिला हे सांगितलं, सासूला तिच्या उशाशी उभं केलं.

पिशवीत गोल सॅक, म्हणजे गर्भाभोवतीचं पाण्याचं आवरण, आत छोटीशी अंगठी दिसते ती योक सॅक, गर्भाला सुरुवातीला पोसणारी, आणि तिच्या कडेला चिकटलेला तांदळाच्या दाण्याएवढा गर्भ. मी चित्र मोठं केलं, प्रोब हलवायचा थांबवला आणि नुसती बघत राहिले. इथे घाई करायची नसते, आईचा श्वास हलतो, आपला हात हलतो आणि त्यात नसलेली हालचाल दिसते किंवा असलेली हरवते. दाण्याच्या मधोमध लुकलुक होती. एम-मोड, म्हणजे हालचाल रेषेवर उमटवणारी सोय, लावला, रेषेवर एकसारख्या लाटा उमटल्या. मिनिटाला १२६. लांबी ८ मिमी, म्हणजे ६ आठवडे ५ दिवस. सहा दिवसांपूर्वी ३, आज ८. ह्या दिवसांत गर्भ दिवसाला साधारण एक मिमी वाढतो, म्हणजे वाढ अगदी रांगेत होती, पहिल्या दिवसापासून. (डॉपलरचा आवाज ऐकवा म्हणतात नातेवाईक, इतक्या लवकर मी डॉपलर लावत नाही, त्याची ऊर्जा जास्त असते, ठोके मोजायला एम-मोड पुरतो.)

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. ती काही बोलली नाही, सासूनेच विचारलं, "हलतंय ते काय?" सांगितल्यावर त्यांनी सुनेच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

आता राग कुणावर काढायचा हा प्रश्न मला आजपण सुटलेला नाही. ३ मिमी गर्भाला ठोके न दिसणं ह्यात नवल काहीच नाही. नियम स्पष्ट आहे, खालून केलेल्या तपासणीत गर्भ ७ मिमी किंवा जास्त असेल आणि तरी ठोके नसतील, किंवा सॅक २५ मिमीची होऊन आत गर्भच नसेल, तरच एका तपासणीवर खात्रीने गर्भ गेला म्हणायचं. आधी ह्या मर्यादा कमी होत्या, २०११ पासून ब्रिटनमध्ये आणि २०१३ मध्ये अमेरिकेत त्या मुद्दाम वाढवल्या, ह्याच भीतीने, की एखादा जिवंत गर्भ चुकून काढला जाऊ नये. त्याच्या खाली असेल तर थांबायचं, सात ते चौदा दिवसांनी परत बघायचं. पहिल्या सेंटरच्या डॉक्टरांनी माप बरोबरच घेतलं होतं, नुसतं निष्कर्षात 'दहा दिवसांनी परत बघा' लिहिलं असतं तर विषय संपला होता.

गोळ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांना मी फोन केला. ते भांडले नाहीत, उलट गप्प झाले. मग म्हणाले, "मॅडम, पेशंट थांबत नाहीत हो, दहा दिवसांनी या म्हटलं की ह्यांना काही कळत नाही म्हणून दुसरीकडे जातात." हेही खोटं नाही. लोकांना आजच्या आज उत्तर पाहिजे असतं, 'थांबा' हे उत्तर वाटतच नाही, आणि जो डॉक्टर थांबा म्हणतो तो कमी हुशार ठरतो. पण म्हणून उत्तर नसताना उत्तर द्यायचं? मला पटत नाही.

थांबायचं म्हणजे सगळ्यांनीच नाही, हेही लिहिते. टेस्ट पॉझिटिव्ह आहे आणि ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, किंवा पिशवीत सॅकच दिसत नाहीये, तर गर्भ नळीत असू शकतो, तिथे एक तासही घरी बसायचं नाही. भरपूर अंगावरून जायला लागलं तरी तेच. हिला ह्यातलं काही नव्हतं, आणि सॅक पिशवीत नीट दिसत होती, म्हणून थांबायला हरकत नव्हती.

खरं वाईट मला वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. कपडे नीट करता करता ती म्हणाली, तीन वर्षं आम्ही बाराव्या ते सोळाव्या दिवसाचं पाळत होतो. कोणीतरी सांगितलेलं, चौदाव्या दिवशी अंडं फुटतं. नवरा शेटला हातापाया पडून त्याच दिवसांची सुट्टी काढायचा, मग सतराव्या दिवशी गाडीवर. अंडं एक दिवसच टिकतं, पुरुषबीज फार तर पाच दिवस, म्हणजे हिचे दिवस एकोणिसाव्यापासून चोविसाव्यापर्यंत, आणि दर महिन्याला तो ऐन त्याच वेळी रस्त्यावर. मग पीसीओडीचा, म्हणजे अंडाशयाच्या बिघाडाचा, शिक्का, पाळीच्या गोळ्या, एका ठिकाणी आयव्हीएफचा खर्च पण विचारून आलेले. त्याचं वीर्य मात्र कोणी तपासलं नव्हतं, जी सगळ्यात स्वस्त तपासणी. आणि शेवटी गर्भ राहिला तो गाडी बिघडली म्हणून.

म्हणून मी आता प्रत्येकीला सांगते, आधी तीनचार महिन्यांच्या पाळ्या लिहून काढा, सगळ्यात कमी दिवसांची कोणती, सगळ्यात जास्त कोणती. दिवस मोजण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड संबंध असले की तारखांची कटकटच उरत नाही, अर्थात ड्रायव्हरच्या बायकोला हे सांगून उपयोग नाही, तिला मोजावंच लागतं. घरची टेस्ट महिना झाला म्हणून करायची नाही, आपली पाळी जेव्हा यायला हवी ती चुकली की करायची, सकाळच्या पहिल्या लघवीवर, आणि एक रेघ आली तर आठवड्याने परत. फॉलिक ॲसिड दिवस राहिल्यावर नाही, प्रयत्न सुरू करतानाच, रोज ४०० मायक्रोग्रॅम, कारण बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होऊन जाते, तेव्हा कित्येकींना आपण गरोदर आहोत हेही माहीत नसतं. वर्षभर प्रयत्न करून राहिलं नाही तर डॉक्टर, वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. आणि डॉक्टरकडे जाताना नवऱ्याने बाहेर गाडीवर बसून राहायचं नाही, आत यायचं.

त्या दिवशी रिपोर्टमध्ये बाळंतपणाची तारीख मी ३१ ऑक्टोबर लिहिली. एलएमपीप्रमाणे २१ येत होती, लक्ष्मीपूजनाची. नवव्या आठवड्याच्या आत पाच दिवसांपेक्षा जास्त फरक पडला की सोनोग्राफीची तारीख धरायची असते. हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितलं.

भाऊबीजेला सासूबाईंचा फोन. ॲडमिट व्हायला सांगितलंय, दिवस उलटले म्हणतात, कळा यायचं सलाईन लावणार. माता-बाल कार्डावर २१ ऑक्टोबरच होतं, माझा रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात खाली. म्हटलं बाळ हलतंय ना नीट, मग तो मार्चचा रिपोर्ट काढून डॉक्टरांच्या हातात द्या आणि त्यांना मला फोन करायला सांगा. त्यांनी केला, त्यांचं कौतुक करते, नीट ऐकून घेतलं, बाळाचे ठोके आणि पाणी तपासून थांबले. आठवड्याभरात कळा आपोआप आल्या, नॉर्मल झाली, मुलगी.

उपकेंद्राच्या सिस्टरना मी नंतर विचारलं, कार्डावरची तारीख बदलली का नाही? त्या म्हणाल्या एकदा लिहिलेली आम्ही खोडत नाही मॅडम, वरून विचारतात. तेव्हापासून मी सुधारित तारीख रिपोर्टच्या पहिल्या ओळीत ठळक छापते, आणि काउंटरवरची मुलगी पेशंटला आत सोडायच्या आधी मागच्या दोन पाळ्या विचारून चिठ्ठीवर लिहिते, कॅलेंडर समोर ठेवून, सणवार धरून. त्याने गर्दीच्या दिवशी लाईन लांबते, बाहेर लोक ओरडतात. ओरडू देत.